जयवंतीबाईंची यादवी

गिरगावातल्या मुलींच्या शाळेत जयवंतीबाई इतिहास शिकवायच्या, तेव्हा एका प्रश्नात वर्गातल्या निम्म्या मुली हमखास मार्क घालवायच्या. प्रश्न साधा असे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाची कारणे लिहा. गाइडात उत्तर तयार होतं. उत्तरेचे कारखाने आणि दक्षिणेची शेती, हे पहिलं कारण. जकातीचं भांडण, दुसरं. राज्यांचे हक्क, तिसरं. आणि गुलामगिरी, चौथं. मुली बिचाऱ्या पाठ करून तेच लिहायच्या आणि बाई लाल पेनाने अख्ख्या उत्तरावर काट मारायच्या.

"माणसं विकत घेतलेली होती, ती सोडायला लागू नयेत म्हणून अर्धा देश फुटून निघाला. हे चौथं कारण? मग आधीची तीन कशाला गं? तोंड लपवायला!"

पालक तक्रार घेऊन यायचे, हेडबाई समजूत घालायच्या, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. बाईंचा राग असा होता की एकदा आला की मुक्कामालाच यायचा.

पुढे त्यांचे यजमान शामकांतराव, जे अर्धं आयुष्य बोटींच्या इंजिनरूममध्ये घाम गाळत होते, ते सिंगापूरला कंपनीच्या ऑफिसात खुर्चीवर बसले, आणि बाईंना शाळा सोडून बिशानच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये यावं लागलं. ही नव्वद सालानंतरची गोष्ट. इथं शिकवायला मुली नाहीत, भांडायला हेडबाई नाहीत. मग बाई लिफ्टवर रागवायच्या, कारण ती त्यांच्या मजल्यावर थांबतच नसे, वरच्या मजल्यावर सोडून द्यायची आणि पिशव्या घेऊन जिना उतरायला लावायची. बँकेतल्या मुलीवर रागवायच्या, कारण ती प्रत्येक कागदावर नवऱ्याची सही मागायची. शामकांतराव म्हणत, "अगं, एवढी वाफ कोंडलीय तुझ्यात, की एखादी बोट चालेल." आणि पेपरामागे तोंड लपवत.

अशात तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतलं मुलांचं नाटक बाईंच्या गळ्यात पडलं. मंडळाचे अध्यक्ष पद्माकरराव गेली कित्येक वर्षं मावळ्यांचंच नाटक बसवत होते, कारण पुठ्ठ्याच्या तलवारी आणि फेटे आयते होते. बाईही मावळेच करायच्या कदाचित. पण त्याच आठवड्यात मैत्रेयी आली. मैत्रेयी म्हणजे मधुवंती आणि प्रबोधची मुलगी. प्रबोध एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात मोठा साहेब, स्विमिंग पूलवाल्या कॉन्डोत राहणारा, आणि मंडळाचा खजिनदार. पोरगी इंटरनॅशनल शाळेत होती. तिचा निबंध बघून द्या, म्हणून मधुवंतीने तिला पाठवलं होतं. विषय होता अमेरिकन सिव्हिल वॉर. इंग्रजी सुरेख, अक्षर टाइप केलेलं, आणि कारणं तीच. फॅक्टरी, टॅरिफ, स्टेट्स राइट्स. गुलामगिरी चौथी.

गाइड सात समुद्र ओलांडून इंग्रजीत गेलं होतं! बाईंनी निबंध टेबलावर आपटला आणि त्याच संध्याकाळी पद्माकररावांना फोन केला. "मावळे या वर्षी विश्रांती घेतील. मी नाटक लिहितेय."

नाटक छोटंच होतं. दक्षिणेतलं एक कापसाचं मोठं शेत, तिथली हवेली, दोन भाऊ. धाकटा उत्तरेच्या सैन्यात जातो, थोरला दक्षिणेच्या. घर उभं चिरतं. दोघांनाही जिने दूध पाजून वाढवलं ती एस्थर नावाची म्हातारी गुलाम स्वयंपाकघरात उभी राहून सगळं ऐकत असते. थोरल्याची बायको म्हणते, "एस्थर कुठं जाणार? ती तर आमच्या घरचीच आहे." बाईंनी हे वाक्य मुद्दाम घातलं होतं. माणसं विकणारेसुद्धा असंच बोलायचे, हे पोरांना कळावं म्हणून.

तालमी मधुवंतीच्या कॉन्डोतल्या फंक्शन रूममध्ये सुरू झाल्या. भाऊ व्हायला मुलांची मारामारी. मैत्रेयीला हवेलीची मालकीण व्हायचं होतं, कारण झालरीचा फ्रॉक. एस्थर व्हायला मात्र एकही मुलगी तयार होईना.

"Aunty, she never say anything one," मैत्रेयी सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "Just stand there. So boring, lah."

मधुवंती मागं खुर्चीत बसली होती. ती हसत म्हणाली, "काकू, त्यात काय एवढं! आमच्या मावशींना उभं करा. डायलॉग नाहीच आहे. ट्रे घेऊन उभं राहायचंय, ते तर त्या रोजच करतात."

मधुवंतीकडे घरकामाला असलेल्या मावशी त्या वेळी ट्रे घेऊनच उभ्या होत्या. मुलांसाठी साबुदाणे वडे होते त्यात.

जयवंतीबाईंच्या कपाळाची शीर उठली. मधुवंती दुष्ट नव्हती, हेच तर वाईट होतं. गोड बोलायची, दिवाळीला मावशींना साडी घ्यायची, आजारी पडल्या तर गोळ्या द्यायची. आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या मावशी अगदी घरच्यासारख्या." बाई काही बोलणार, तेवढ्यात मावशीच म्हणाल्या, "मी राहीन उभी. मला चालेल."

वडे संपले तसं बाई मावशींच्या मागोमाग वर फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरात गेल्या. आधी नाव विचारलं. नाव विनीता. गाव गुहागरकडचं. नवरा वारल्यावर एकुलत्या लेकीला, अरुणाला, भावाकडे ठेवून वर्क परमिटवर इथं आलेल्या. मधुवंतीच्या माहेरच्या ओळखीतून आल्या, म्हणून मावशी. रविवारची सुट्टी नाही, कारण घरच्या माणसाला कसली सुट्टी! आल्यापासून एकदाही गावी गेल्या नव्हत्या. अरुणाचं लग्न झालं तेव्हा मैत्रेयीला कांजिण्या आल्या होत्या, म्हणून नाही. कन्यादान मामाने केलं. इथं विनीताबाई पोरीच्या अंगाला कडुनिंबाचा पाला लावत बसल्या होत्या.

"आता अरुणाला दिवस गेलेत," विनीताबाई ओटा पुसता पुसता म्हणाल्या. "गणपती झाले की बाळंत होईल. पहिलं बाळंतपण. माहेरी करायला पाहिजे ना हो? घर बंद आहे. मी जाऊन उघडलं तर तिला माहेर. नाहीतर सासरीच पडून राहायची."

"मग जा की."

"ताई म्हणतात, दिवाळीनंतर बघू. मैत्रेयीची परीक्षा आहे." विनीताबाईंनी फडकं पिळलं. "पासपोर्ट साहेबांकडे असतो. ऑफिसच्या लॉकरमध्ये."

"तुम्ही मागितलात?"

विनीताबाईंनी फडकं ओट्यावर टाकून बाईंकडे पाहिलं. आपल्याच मुलखातल्या माणसाने असा वेड्यासारखा प्रश्न विचारावा, याचं त्यांना नवल वाटलं असावं.

घरी येऊन बाईंनी भांडी अशी घासली की शामकांतराव पेपर ठेवून आले. सगळं ऐकून म्हणाले, "जहाजावरही पासपोर्ट कॅप्टनकडेच असतात गं. पद्धत आहे."

"आणि बंदरात उतरायचं म्हणून खलाशाने मागितला तर?"

"देतो. करार संपून साइन-ऑफची वेळ आली की कॅप्टनच्या बापालाही अडवता येत नाही."

"मग विनीताबाईंचं साइन-ऑफ कधी? प्रबोधच्या घरची परीक्षा संपेल तेव्हा?"

 शामकांतरावांनी पेपर उचलला, पण वाचला नाही.

दुसऱ्या दिवशी बाई सरळ कॉन्डोत जाऊन प्रबोध-मधुवंतीसमोर बसल्या. आडवळण त्यांना येतच नसे.

"प्रबोध, विनीताबाईंचा पासपोर्ट त्यांच्या हातात दे. लेकीच्या बाळंतपणाला जायचंय त्यांना."

प्रबोध हसला. शिकलेला माणूस होता, आधी हसूनच बघतो. "काकू, इथले नियम तुम्हाला माहीत नाहीत. मी सरकारकडे बाँड भरलाय. मावशी पळून गेल्या तर तो बुडतो."

"पळून? लेकीकडे जायला माणूस पळतं का रे? सांगून, पिशवी भरून, तुला नमस्कार करून जातील त्या. आणि तुझ्या बाँडसाठी त्यांना कुलपात ठेवायचं, हे कुठल्या नियमात बसतं?"

मधुवंतीचे डोळे भरून आले. "काकू, आम्ही काय कमी केलंय त्यांना? घरच्यासारखं ठेवलंय."

"घरच्यासारखं!" बाई उठून उभ्याच राहिल्या. "घरच्या असतील तर तुमच्या टेबलावर का जेवत नाहीत? कामाला ठेवलेल्या असतील तर रविवारची सुट्टी कुठाय? सुट्टी मागितली की घरच्या, आणि ताट वाढलं की कामवाल्या. दोन्हीकडचं सोयीचं तेवढं उचललंत तुम्ही. त्यापेक्षा सरळ नोकर म्हणा, म्हणजे नोकराला मिळतं तेवढं तरी मिळेल त्यांना!"

"दिवाळीनंतर नक्की पाठवतो," प्रबोध म्हणाला. आता तो हसत नव्हता. "आणि पासपोर्ट ऑफिसच्या लॉकरमध्ये आहे. लगेच काढता येत नाही."

बाई तणतणत घरी आल्या. पद्माकररावांना फोन केला, तर ते म्हणाले, "जयवंतीबाई, हा त्यांच्या घरातला मामला आहे." मंडळातल्या बायकांना सांगितलं, तर साऱ्या मूग गिळून बसल्या. का, ते बाईंना हळूहळू उमगलं. निम्म्या घरांत एकेक पासपोर्ट कपाटात होता.

तेव्हा बाईंनी एकच केलं. एस्थरला एक वाक्य दिलं. मालकीण म्हणते, "एस्थर कुठं जाणार, ती तर घरचीच." त्यावर एस्थरने म्हणायचं, "मला जायचंय." बस, एवढंच. पण तालमीत ते वाक्य काही केल्या विनीताबाईंच्या तोंडून फुटेना. समोर खुर्चीत मधुवंती बसलेली असायची. विनीताबाई ट्रे घट्ट धरायच्या, ओठ हलायचे, आवाज नाही. पोरं फिदीफिदी हसायची. शेवटच्या तालमीला त्यांनी बाईंचा हात धरला. "नको हो मला ते वाक्य. काढून टाका. मला नाही जमायचं."

बाईंनी काढून टाकलं. आपणच लिहिलेलं वाक्य खोडताना त्यांना इतका राग आला की पेन्सिलीचं टोक मोडलं. राग विनीताबाईंचा नव्हता. दोन शब्द घशातून बाहेर पडू नयेत इतकं ज्यांनी त्या बाईला गोडीगुलाबीने दाबलं होतं, त्यांचा होता.

नाटकाच्या दिवशी कम्युनिटी सेंटरचा हॉल भरला होता. पुढच्या रांगेत पद्माकरराव, प्रबोध, मधुवंती. नाटक रंगलं. भाऊ कडाकडा भांडले. मैत्रेयी झालरीचा फ्रॉक सावरत पुढं आली आणि ठसक्यात म्हणाली, "एस्थर कुठं जाणार? ती तर आमच्या घरचीच आहे."

इथं एस्थरने आत निघून जायचं होतं. विनीताबाई गेल्या नाहीत. त्यांनी ट्रे खाली ठेवला. 

"मला जायचंय," विनीताबाई म्हणाल्या.

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, काय काम केलंय मावशींनी! विनीताबाई टाळ्या थांबेपर्यंत थांबल्या. मग रंगमंचावरच्या मालकिणीकडे पाठ केली आणि पहिल्या रांगेकडे तोंड करून बोलल्या.

"लेकीचं पहिलं बाळंतपण आहे, मधुवंतीताई. लग्नाला सोडलं नाहीत. आता तरी सोडा. साहेब, माझा पासपोर्ट द्या मला."

आता टाळी वाजली नाही. मैत्रेयी पुढचं वाक्य विसरली. पडदा ओढणारा दोरी हातात धरून आ वासून उभा. हॉलमध्ये एवढी माणसं होती, पण एकानेही उठून म्हटलं नाही की बाई बरोबर बोलतेय. सगळे एकमेकांकडे बघत होते. प्रबोध मान खाली घालून बसला होता, आणि मधुवंती रडत होती. रडायचा हक्कही तिनेच घेतला होता.

एवढ्या लोकांदेखत झाल्यावर पासपोर्ट द्यावाच लागला. पण लगेच नाही. आज लॉकर बंद, उद्या साहेबांची मीटिंग, परवा विमानाचं तिकीट नाही, असं करत करत पंधरवडा खाल्ला. विनीताबाई गुहागरला पोचल्या, तेव्हा अरुणा सासरीच मोकळी झाली होती. नंतर एकदा गावातल्या पीसीओवरून त्यांचा बाईंना फोन आला. "नात झाली. दोघी बऱ्या आहेत. पण पहिल्या कळेला आई पाहिजे होती तिला. आई आई म्हणून ओरडत होती म्हणे. शेजारीण बसली होती जवळ."  फोन ठेवून जयवंतीबाई बिशानच्या त्या फ्लॅटमध्ये ढसाढसा रडल्या, आणि रडून झाल्यावर राग होता तितकाच होता.

इकडे मंडळ फुटलं. "घरातलं धुणं चव्हाट्यावर धुतलं," म्हणून प्रबोधच्या बाजूचे लोक बाहेर पडले. बाईंनीच मावशींना पढवलं, असं ते म्हणत. "पढवलं असतं तर मला अभिमान वाटला असता," बाई तोंडावर सांगायच्या, "पण ते माझं डोकं नव्हे, त्यांचं आहे." फुटलेल्यांनी वेगळं मंडळ काढलं, वेगळा गणपती आणला. मखर ते घेऊन गेले, समई इकडे राहिली. झांजा वाटून घेतल्या, एकेकाला एकेक जोडी. दोन्हीकडे आरती, दोन्हीकडे मोदक, आणि एमआरटीच्या गाडीत समोरासमोर आले की नकाशा वाचल्याचं सोंग.

पुढे वर्षभरात फुटीची कारणं सांगितली जाऊ लागली. कुणी म्हणे हॉलचं भाडं. कुणी म्हणे पद्माकररावांची हुकूमशाही. कुणी म्हणे पुणेकर आणि मुंबईकर, दुसरं काय! बाई ऐकत बसायच्या. विनीताबाईंचं नाव कुणी काढेना. गाइडात गुलामगिरी निदान चौथी तरी होती. इथं ती यादीतच नव्हती.

मग दोन्हीकडच्यांना लहान गणपती बरा वाटेना. मुलं कमी, वर्गणी कमी. मनोमीलनाची बैठक ठरली, प्रबोधच्याच घरी. "झालं गेलं गंगेला मिळालं," पद्माकरराव बाईंना म्हणाले. "तुम्ही या. काही बोलू नका फक्त." शामकांतरावही सोबत आले.

गळाभेटी झाल्या. मधुवंतीने बाईंना वाकून नमस्कार केला. प्रबोध म्हणाला, "शेवटी आपण सगळे एकच." सगळ्यांनी माना डोलावल्या. जयवंतीबाईंना हे दृश्य ओळखीचं होतं. बावीस वर्षं शिकवला होता हा धडा. युद्ध संपल्यावर गोरे भाऊ गोऱ्या भावांच्या गळ्यात पडले, आणि जिच्यासाठी म्हणून लढले ती एस्थर पुन्हा त्याच शेतात कापूस वेचत राहिली.

तेवढ्यात चहा आला. ट्रे घेऊन एक तिशीची बाई उभी होती, अंगावर कडक इस्त्रीची साडी. मधुवंती कौतुकाने म्हणाली, "काकू, ही आमची मेधाताई. चिपळूणची. अगदी घरच्यासारखी."

बाईंनी कप उचलला नाही. "मेधाताई," त्यांनी विचारलं, "तुमचा पासपोर्ट कुणाकडे आहे?"

मेधाने बाईंकडे बघितलंच नाही. तिने मधुवंतीकडे बघितलं. आधी तिकडे बघायचं, हे तिला शिकवावं लागलं नव्हतं.

"जयवंतीबाई, आज नको," पद्माकरराव कळवळून म्हणाले. "आज मंडळ एक होतंय."

"होऊ दे की एक. पण आधी हिचा पासपोर्ट हिच्या हातात. चहा त्यानंतर."

"काकू, तो ऑफिसच्या लॉकरमध्ये—" प्रबोधने सुरुवात केली.

शामकांतरावांच्या हातात कप होता. त्यांनी तो अलगद ट्रेमध्ये परत ठेवला. "प्रबोध," ते म्हणाले, "मागितला की द्यायचा असतो." पद्माकररावांच्या बायकोनेही कप ठेवला. बाकीच्यांनी नाही ठेवला. काहींनी तर घाईघाईने पिऊन टाकला, आपल्यावर वेळ यायच्या आत. पण तेवढे दोन कप आणि बाईंचं ते उभं राहणं प्रबोधला पुरलं. तो उठून बेडरूममध्ये गेला. आतून किल्ल्यांचा जुडगा वाजला, कपाटाचं दार करकरलं. ऑफिसचा लॉकर म्हणे!

निळं पुस्तक त्याने टीपॉयवर ठेवलं, मेधाच्या हातात दिलं नाही. बाईंनीही ते उचललं नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या. मेधाने ट्रे खाली ठेवला, ओले हात पदराला पुसले, आणि वाकून आपला पासपोर्ट स्वतः घेतला.

मग जयवंतीबाई खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला आणि पद्माकररावांकडे वळल्या.

"हं. आता बोला, मंडळाचं काय म्हणत होतात?"